बेत आधी की बाजार?

उत्साही : वहिनी, आपल्याकडे बेत आधी ठरतो आणि बाजार नंतर होतो. महिन्याचा तोल तिथेच जातो, असं माझं म्हणणं आहे. सकाळी मनात येतं, आज भरली वांगी करू. मग पिशवी घेऊन निघायचं आणि वांगी ज्या भावाने मिळतील त्या भावाने आणायची. मी गेल्या दिवाळीपासून हे उलटं केलंय. शनिवारी रात्री तीन गोष्टी पुढ्यात घेऊन बसतो. दोन दुकानांच्या त्या आठवड्याच्या सवलती, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचे त्या संध्याकाळचे भाव, आणि घरातल्या डब्यांत काय उरलंय त्याची यादी. त्यावरून सात रात्रींचे बेत. फ्लॉवर उतरला असेल तर दोन गड्डे येतात. रविवारी फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, मंगळवारी उरलेला किसून पराठ्यात, आणि कोवळे दांडे-पानं गुरुवारी पीठ पेरून. एका खरेदीत तीन रात्री. चार माणसांचं रात्रीचं जेवण मी आठवड्याला दीड हजारात बसवतो. आधी ते बावीसशेच्या खाली येत नव्हतं, आणि बाहेरून मागवलेलं त्यात धरलेलंच नाही.

शंकेखोर : भावजी, यातलं अर्धं माझ्या सासूबाई करत होत्या, शनिवारच्या बैठकीशिवाय. भाव बघून भाजी घ्यायची, भाजी बघून बेत करायचा, आणि सात वाजता भाजीवाली टोपली आवरायला लागली की उरलेला वाटा दहाला मागायचा. तुम्ही नवीन काय आणलंत, तर सवलत. आणि माझी शंका नेमकी तिथे आहे. स्वस्ताई वेगळी आणि सवलत वेगळी. डिसेंबर-जानेवारीत मटार, गाजर, पावटा, वांगी बाजारात मावत नाहीत म्हणून उतरतात, ती स्वस्ताई. ती शेतातून येते, तिला जाहिरात लागत नाही. सवलत पाकिटावर छापलेल्या किमतीतून वजा होते, आणि ती किंमत छापतो कोण? ज्याला माल विकायचाय तोच. दोनशे छापायचे, दीडशेला द्यायचे आणि पन्नास वाचले म्हणून तुम्ही वहीत लिहायचे. दीडशेच त्याची खरी किंमत असेल तर तुमचे पन्नास कुठे होते?

आठवतं ना, २६ जानेवारी २००६ ला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' काढला होता. लोटलेली गर्दी आवरता येईना. त्यानंतर दर वर्षी प्रजासत्ताक दिनाला लोक झेंडावंदन करून ट्रॉली ढकलायला जायचे. मीसुद्धा एकदा गेले. एकावर एक फ्री म्हणून सॉसच्या चार बाटल्या आणल्या. आमच्या घरात सॉस कोण खातं? पुढे सहा महिने मी प्रत्येक बेताला सॉस चिकटवत होते. बेत बाजारावरून ठरला म्हणायचं ते हेच!

उत्साही : सॉसच्या बाटल्या मान्य. पण ती चूक यादी नसल्याची. दुकानाची सवलत हे माझ्यासाठी सत्य नाही, बातमी आहे. सत्य माझ्या वहीत. तूरडाळ, शेंगदाणे, साखर, तेल, पोहे, रवा अशा बावीस जिनसांचे भाव मी दर पंधरा दिवसांनी टिपतो, किलोमागे. पाकिटावर किती टक्के सूट लिहिलंय ते मी वाचतच नाही. पाकीट ९०० ग्रॅमचं की ८५० चं, ते बघतो. आता नियमानेच एककामागची किंमत छापावी लागते, ती बारीक अक्षरांतली ओळ सगळ्यात कामाची. माझ्या वहीतल्या आजवरच्या सगळ्यात खालच्या भावापेक्षाही भाव खाली आला तरच मी उचलतो. कधीकधी दुकानाची 'महाबचत' वाण्याच्या सुट्या मालाहून महाग निघते. त्याला कारणही आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-पिठांवर पाच टक्के जीएसटी आला, सुट्या मालावर नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो सवलतीला भुलत नाही, तिचा उपयोग करून घेतो.

आणि सगळी दुकानं एक खेळ खेळत नाहीत. डी-मार्टने २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा भर एका दिवसाच्या धमाक्यापेक्षा रोजच्या कमी भावावर. दुसरीकडे साखर-तेल जवळजवळ खरेदीच्या भावात लावतात आणि बिस्किटं, शाम्पू, प्लास्टिकचे डबे यांतून भरून काढतात. मी साखर-तेल उचलतो, डब्यांकडे पाठ फिरवतो.

शंकेखोर : तुम्ही पाठ फिरवत असाल. पण नुसती साखर घेऊन बाहेर पडणारी माणसं जास्त असती, तर त्यांनी साखर त्या भावात लावलीच नसती. सगळ्या घरांचा हिशेब केला तर तुमच्यासारख्या एका सावध माणसाची साखर दहा बेसावध माणसांच्या डब्यांतून भागते. असो. हा तुमचा गुन्हा नाही.

मी घरातलं बोलते. साठा पैशाइतकाच स्वभावावरही चालतो. पाच लिटरचा डबा ओट्यावर असला की फोडणीचा हात सैल होतो. लिटरची पिशवी संपत आली की तोच हात आखडतो. हे मी तीस वर्षं माझ्याच हातात पाहिलंय. पावसाळ्यात रवा दोन किलो आणलात, तर एक किलो तुम्ही खाता आणि एक अळ्या. पूर्वी वर्षाचे गहू भरायचे, खरं आहे. पण मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळवून, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत जायचे. त्यासाठी गच्ची होती, कोठी होती आणि दुपार मोकळी असलेल्या तीन बायका होत्या. तुमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पोत्यांचं गोदाम झालंय, मी पाहिलंय. त्या जागेचं भाडं वहीत धरता का?

उत्साही : पलंगाखालचं भाडं नाही धरत, खरं. पण वाया जातं ते साठ्यामुळे नाही, साठा विसरल्यामुळे. म्हणून तर शुक्रवार मी उरलंसुरलंसाठी राखलाय. फोडणीची पोळी, फोडणीचा भात, तळाशी राहिलेल्या तीन डाळींची एक आमटी. आमच्या फ्रीजच्या दारावर कागद असतो आणि त्यावर लिहिल्याशिवाय काही आत जात नाही. गेल्या तीन महिन्यांत अर्धी जुडी कोथिंबीर सोडली तर काही टाकलेलं नाही.

आणि तुम्ही स्वस्ताई म्हणालात, ती तर माझ्या यादीचा कणा आहे. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत ठेवला जातो, आणि तो साठा सरत आला नि खरिपाचा कांदा यायचाय अशा वेळी, सप्टेंबर-नोव्हेंबरच्या आसपास, भाव चढतो. म्हणजे ऑक्टोबरात कांद्यावर उभे असलेले बेत लावायचेच नाहीत. पिठलं कमी, कढी जास्त. गटारीच्या आठवड्यात कोंबडी महाग, श्रावण लागला की मागणी पडते आणि अंडी-कोंबडी उतरते. आपल्या घरात श्रावण फक्त सोमवारी पाळतात, तर मंगळवार-बुधवार अंडाकरी. जून-जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी परवडायची नाही, तर मेमध्येच सुकट-बोंबील भरून ठेवायचे. मला तर वाटतं, कांदेनवमीला कांद्याचं सगळं खाऊन चातुर्मासात कांदा बंद करणं, भोगीला हंगामातल्या सगळ्या भाज्या एकत्र करणं, हीसुद्धा एका परीने यादीच होती. फक्त पंचांगात छापलेली.

शंकेखोर : पंचांगाला अर्थशास्त्र चिकटवू नका. ज्यांच्याकडे चातुर्मास पाळत नव्हते, त्यांनी कांद्याचं काय केलं असेल? भोगीची भाजी मला आवडते, पण ती खर्च वाचवायला कोणी काढली असं मी म्हणणार नाही. सणाला पैसे उडतात, वाचत नाहीत.

पण आता खरं बोलू. मंगळवारी रात्री मटकीची उसळ, असं तुमच्या या आठवड्याच्या यादीत आहे. मंगळवारी रात्री उसळ हवी तर सोमवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, मंगळवारी मोड बघायचे. तुम्ही शनिवारी 'मटकी' लिहिता. सोमवारी सकाळी ती कोणाला आठवते?

उत्साही : मलाच. म्हणजे बहुतेक वेळा.

शंकेखोर : तुमची बायको माझी जाऊ आहे, भावजी. मला फोन येतो.

२०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली होती, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि ही ९७ मिनिटंसुद्धा सगळ्या पुरुषांची नव्हती, शंभरातल्या जेमतेम सव्वीस जणांची. तुम्ही त्या सव्वीसांत आहात, त्याचं कौतुक आहे. पण तुम्ही घेतलेलं काम कोणतं? शनिवारी पंख्याखाली बसून भाव जुळवायचं. त्यात बुद्धी आहे, मजा आहे, शेवटी आकडा निघतो आणि तो चारचौघांत सांगता येतो. मटकी उपसण्याला आकडा नाही. दोन गड्डे स्वस्तात आणलेत, तर ते मिठाच्या पाण्यात घालून अळ्या बघत तुरे सोडवायला लागतात तो अर्धा तास तुमच्या सातशे रुपयांत कुठे आहे? महाग भाजी बहुतेकदा निवडलेली असते, म्हणून महाग. तुम्ही पैसे वाचवत नाही, पैशाचं काम वेळावर ढकलता. आणि वेळ दुसऱ्याचा.

उत्साही : हे लागलं. पण निम्मं उत्तर देतो. यादी नव्हती तेव्हा तिच्या डोक्यावर दुसरं ओझं होतं. रोज संध्याकाळी सहाला, लोकलमध्ये उभी असताना, 'आज काय करू' हा प्रश्न. तो प्रश्न फुकट नव्हता. त्याच प्रश्नाने थकून आम्ही बाहेरून मागवायचो. आता भिंतीवर कागद आहे. जो आधी घरी येतो तो वाचतो. परवा मुलाने स्वतः डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला, कारण कागदावर लिहिलं होतं 'बुधवार, मुगाची खिचडी, ताक, पापड'. बेत डोक्यातून भिंतीवर आला की तो सगळ्यांचा होतो. तुमच्या सासूबाईंचा बेत त्यांच्या डोक्यात होता म्हणून कोणाला हात लावता येत नव्हता. मदत करायची म्हटलं तरी आधी त्यांना विचारावं लागायचं.

शंकेखोर : हे मात्र खरं. सासूबाईंना ते तसंच हवं होतं, हेही खरं. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, एवढा एक बेत होता.

पण भिंतीवरचा कागद हुकूम होतो, भावजी. सहा वाजता 'आज काय करू' म्हणणाऱ्या बाईला 'आज काही नाही, दही-भात' असंही म्हणता येतं. तिला ताप असतो, मुलाचा पेपर वाईट गेलेला असतो, सासऱ्यांची दाढ दुखत असते. कागदावर मात्र मटकी आहे, आणि मटकीला मोड आलेत. आज नाही केली तर उद्या वास येईल, म्हणजे सातशेतले साठ गेले, म्हणजे कोणाची तरी चूक. पूर्वी कंटाळा आला तर तो कंटाळाच होता. आता तुमच्या वहीमुळे कंटाळ्याला किंमत लागली.

आणि दुसरं. तुमची पद्धत हातात एकदम दीड हजार असणाऱ्याची, फ्रीज असणाऱ्याची. आमच्याकडे कामाला येते ती बाई संध्याकाळी जाताना शंभर मिलीची तेलाची पुडी, दहाची डाळ आणि पाच रुपयांची मिरची-कोथिंबीर नेते. लिटरमागे हिशेब केलात तर तिचं तेल तुमच्यापेक्षा महाग. तिला गणित येत नाही म्हणून नाही, तिच्या हातात त्या दिवशी तेवढेच असतात म्हणून. महिनाअखेर वाणी तिला उधार देतो. सवलतीचं दुकान देतं का? २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत शहरी घरांच्या खर्चातला सरासरी ३९ टक्के आणि खेड्यातला ४६ टक्के खाण्यावर जातो असं आलं. सरासरीच्या खाली जी घरं आहेत त्यांचा वाटा याहून मोठा. जिथे काटकसरीची खरी गरज, तिथे तुमची काटकसर चालत नाही.

उत्साही : एकट्याने चालत नाही. मिळून चालते. १९४८ मध्ये नायगावला अपना बाजार निघाला तो कामगारांच्या सहकारातून. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, माल एकत्र यायचा आणि सभासदांनी आपणच वाटून घ्यायचा. मधले दलाल गेले, भाव उतरला. त्याच्या थोडं आधी, दुष्काळाच्या महागाईत, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यामागे हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. साखर, तेल, रॉकेल हेच त्यांचे प्रश्न. म्हणजे भाव हा घरातल्या वहीचा विषय आहे आणि रस्त्याचाही. मी वही ठेवतो म्हणजे त्याच परंपरेत बसतो, असं मला म्हणायचंय.

शंकेखोर : तुम्ही त्या परंपरेच्या बरोब्बर उलट्या टोकाला बसलायत. त्या बायका भाव का चढला हे विचारायला गेल्या होत्या. तुम्ही भाव उतरला की उचलायला जाता. संघाच्या वाटपालाही बायकांनाच बसावं लागायचं, मोजायचं, पिशव्या भरायच्या, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून तिचं सामान पोचवायचं. श्रम तेवढेच होते, कदाचित जास्त. पण त्या श्रमांतून शेजार तयार व्हायचा. तुमच्या शनिवारच्या बैठकीतून काय तयार होतं? तुमचा शेजारी कोणत्या भावाने तूरडाळ खातो, माहीत आहे तुम्हाला?

उत्साही : नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं, माझी वही मी कोणाला दाखवलेलीच नाही. थोडी लाज वाटते. कंजूष म्हणतील अशी.

शंकेखोर : पाहा. आणि आता माझ्यावरच उलटणारी गोष्ट सांगते. मघाशी मी स्वस्ताईची बाजू घेतली, ती शेतातून येते म्हणून. पण शेतातून येणारी स्वस्ताई म्हणजे कोणाचं तरी नुकसान. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या पुढे गेला, काही ठिकाणी दोनशेला टेकला. सगळ्या घरांत चर्चा होती. आमटीत चिंच-कोकम परत आलं. नंतर दीड-दोन महिन्यांत तोच टोमॅटो इतका कोसळला की शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. आपल्या घरात तेव्हा कोणी चर्चा केली नाही. टोमॅटोचं सार झालं, सॉस झाला, तुम्ही वहीत खालचा भाव टिपला असेल. सवलत खोटी असते म्हणून मला खुपते आणि स्वस्ताई खरी असते म्हणून खुपते. मग मी काय खायचं ते सांगा.

उत्साही : टिपला होता. सप्टेंबर, पहिला आठवडा. पण पडत्या भावात मी चार किलो घेतले तर मागणी वाढते, कमी माल रस्त्यावर जातो. महाग असताना मी पाठ फिरवली म्हणून तुम्ही मला स्वार्थी म्हणाल, पण लाखो घरांनी तसं केल्यावरच चढलेला भाव खाली येतो. स्वस्त तेच खाणं म्हणजे जे जास्त पिकलंय ते खाणं. यात शेतकऱ्याशी वैर कुठे आलं?

शंकेखोर : तुमच्या चार किलोंतलं शेतावर किती पोचलं, ते तुमच्या वहीत नाही म्हणून वैर दिसत नाही. कोपऱ्यावरचा भाव वीस असतो तेव्हा गाडीचं भाडं, हमाली, तोलाई, अडत, नासाडी आणि कोपऱ्यावरच्या माणसाचा दिवस जाऊन खाली काय उरतं? तुम्ही एककामागची किंमत बघता ना, बारीक अक्षरांतली? त्याच्या खाली आणखी बारीक अक्षरं आहेत. ती कोणी छापत नाही. मी तुम्हाला यादी करू नका म्हणत नाही. महाग खाऊन कोणाचं भलं होतं असंही नाही. पण 'वाचले' हा शब्द लिहिताना तुमची पेन्सिल जरा अडखळायला हवी.

उत्साही : मग असं करतो. वहीत आणखी दोन रकाने पाडतो. एकात मिनिटं, एकात नाव. निवडायला किती, भिजवायला किती, आणि कोणी. महिनाभर लिहून बघतो. कदाचित फ्लॉवर महाग पडेल आणि निवडलेली मेथी स्वस्त. शेतावर किती पोचलं त्याचा रकाना मात्र मला भरता येणार नाही, तो कोरा ठेवतो.

शंकेखोर : कोरा दिसू तरी दे. पण मिनिटांचे पैसे कोणत्या दराने लावणार? तुमच्या ऑफिसच्या, तिच्या ऑफिसच्या, की आमच्या कामवालीच्या? दर बदललात की बेत बदलेल.

उत्साही : ते अजून ठरलेलं नाही. पण उद्यापासून सुरुवात करायची तर पहिली ओळ आत्ताच लिहायला हवी. सोमवार सकाळ, मटकी भिजत घालणे, पाच मिनिटं. नावाच्या रकान्यात काय लिहू?

शंकेखोर : हे मला विचारताय, की तिला विचारलंत?